वॉरंटीचा क्लेम नाकारला: 1915 की ग्राहक आयोग?

मावसबहिणीच्या टीव्हीचं पॅनल गेलं. एक्स्टेंडेड वॉरंटी असूनही ‘फिजिकल डॅमेज’ म्हणत क्लेम नाकारला. आता तिला प्रश्न पडलाय, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करू की थेट जिल्हा आयोगात जाऊ?

खर्चाचं म्हणाल तर हेल्पलाइन मोफत. आयोगातही 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि वकील सक्तीचा नाही.

खरा फरक अधिकाराचा. हेल्पलाइन तक्रार कंपनीकडे पाठवते, पाठपुरावा करते. पण कंपनी अडून बसली तर तिला भाग पाडू शकत नाही. आयोग मात्र परतावा आणि भरपाईचा आदेश देऊ शकतो. वेळ? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 3 महिने, तपासणी लागली तर 5 महिने असं म्हटलंय; प्रत्यक्षात तारखा लांबतात, याची फार चीड येते.

आयोगात कागद लागतात: बिल, वॉरंटीच्या अटी आणि नकार. तो नकार तोंडी ऐकून घेऊ नका, ईमेलवर कारणासकट मागा.

रक्कम लहान असेल, वस्तू लवकर सुरू व्हायला हवी असेल, तर 1915. वस्तू महागडी, पुरावा पक्का आणि कंपनी हटून बसलेली असेल, तर आयोग. तोही 2 वर्षांच्या आत, कारण हेल्पलाइनवर तक्रार केली म्हणून ती मुदत थांबत नाही.