पणजीतील निवृत्ती-व्हिसा सल्ला : कागदपत्रांत चोख, विम्यात ढिसाळ

निवृत्तीनंतरची काही वर्षे परदेशात काढावीत, या विचाराने आम्ही पतीपत्नी गेल्या पावसाळ्यात फोंड्याहून पणजीतील एका व्हिसा सल्लागाराकडे गेलो. तीन बैठकांचे 12 हजार रुपये आगाऊ घेतले गेले. माझे वय 67, पत्नीचे 64; मला मधुमेह असून हृदयात एक स्टेंट आहे. ही माहिती पहिल्याच दिवशी लेखी दिली होती, हे मुद्दाम नमूद करतो.

कागदपत्रांच्या बाबतीत कार्यालय चोख आहे. सावंतवाडीहून आलेल्या आमच्या घराण्याला 19 डिसेंबर 1961 पूर्वीच्या गोव्यातील जन्माच्या आधारे मिळणाऱ्या पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग नाही, हे त्यांनी पाच मिनिटांत सांगितले. (शेजाऱ्यांची निम्मी मुले त्याच मार्गाने गेली आहेत.) स्पेनला एकट्या अर्जदारासाठीच दरमहा 2,400 युरो उत्पन्न दाखवावे लागते, म्हणून तो देश लगेच बाजूला पडला.

त्यांचा भर थायलंडवर होता. पन्नाशीनंतर मिळणाऱ्या, निवृत्तांच्या दीर्घ मुक्कामाच्या ओ-ए व्हिसासाठी बँकेत 8 लाख बाथ असावे लागतात, आणि ती रक्कम आम्ही कशीबशी उभी करू शकलो असतो. परंतु त्याच व्हिसासाठी 30 लाख बाथचे आरोग्य विमासंरक्षणही लागते, हे तिसऱ्या बैठकीत कळले. चौकशी केली तेव्हा एका कंपनीने वयामुळे नकार दिला. दुसरीने मधुमेह आणि हृदयविकार दोन्ही वगळले आणि तरीही सांगितलेला हप्ता आमच्या वर्षाच्या घरखर्चाहून मोठा होता. यावर सल्लागारांचे उत्तर असे, की साध्या ओ व्हिसावर (कमी मुदतीचा, ओ-एहून वेगळा प्रकार) जाऊन तिथेच मुदतवाढ घ्यावी, त्यासाठी विमा मागत नाहीत. मार्ग कायदेशीर आहे, पण स्टेंट असलेल्या माणसाने बँकॉकच्या खासगी रुग्णालयाचे बिल कशातून भरावे, याचा विचार त्यात नाही. आमची इथली पॉलिसी भारताबाहेरच्या उपचारांना लागू होत नाही. ती चालूच ठेवावी, खंड पडल्यास नव्या पॉलिसीत जुन्या आजारांचा खर्च न मिळण्याचा प्रतीक्षाकाळ पुन्हा सुरू होतो, हेही त्यांच्याकडून ऐकायला मिळाले नाही.

उपयोगी माहिती दिली ती तिथल्या एका तरुण कर्मचारी मुलीने, तीही निघता निघता. पोर्तुगालच्या डी-7 व्हिसासाठी (पेन्शनसारख्या नियमित उत्पन्नावर राहणाऱ्यांसाठीचा) 2025 मध्ये दरमहा 870 युरो आणि जोडीदारासाठी त्याच्या निम्मे उत्पन्न लागत होते. अर्जासोबत 30 हजार युरोंचा प्रवास विमा पुरतो आणि रहिवासी परवान्यानंतर तिथल्या सार्वजनिक आरोग्यसेवेत नोंदणी करता येते. तिथे कुटुंब-डॉक्टर मिळायला अनेकांना ताटकळावे लागते, हेही तिने लपवले नाही. आमच्या वयाच्या माणसांना पहिल्या बैठकीत सांगायची गोष्ट हीच होती.

पाचपैकी अडीच गुण देतो. साठीच्या आतल्या, निरोगी माणसाने जरूर जावे. इतरांनी शुल्क भरण्यापूर्वी आपल्या आजारांसह विम्याचा लेखी हप्ता मागवून घ्यावा.