ओमेर मोजायची लाकडी पेटी: मोजणीला चोख, सुतकाला अपुरी

ओमेर म्हणजे पेसाख (वल्हांडण) ते शावुओत या ज्यू सणांमधल्या ४९ दिवसांची मोजणी, रोज रात्री आशीर्वाद म्हणून मोठ्याने करायची. ती दाखवणारी ही पेटी: कागदाची एक गुंडाळी, दोन खुंट्या, तीन खिडक्या. पहिल्या खिडकीत दिवस, दुसरीत पूर्ण झालेले आठवडे, तिसरीत वरचे दिवस. पेसाखच्या दुसऱ्या रात्रीपासून ४९ रात्री मोजायच्या, त्यात सात रात्री शब्बाथच्या (साप्ताहिक विश्रांतीच्या) आणि काही सणाच्या. नेमक्या त्या रात्री फोन वापरायचा नसतो, म्हणून त्यातली आठवण कामाची नसते; खुंटी मात्र फिरवता येते. सातव्या दिवसापासून आठवडेही उच्चारावे लागतात ("सतरा दिवस, म्हणजे दोन आठवडे आणि तीन दिवस"), म्हणून नुसता आकडा दाखवणारी स्वस्त तबकडी घेऊ नये. 'लाओमेर' छापलंय की 'बाओमेर' (मोजणीच्या वाक्यातल्या एकाच शब्दाची दोन रूपं) हेही आपल्या प्रार्थनापुस्तकाशी ताडून घ्यावं.

गुंडाळी सैल पडली की ओळ अर्धवट दिसते. दोन्ही खुंट्या उलट दिशांना ताणल्या की जागेवर येते. खरा घोटाळा घाईमुळे होतो. दुपारीच खुंटी फिरवली आणि संध्याकाळी कुणी आकडा मोठ्याने वाचला, तर आशीर्वाद म्हणण्याआधीच मोजणी झाली की काय, असा पेच पडतो. तारे दिसल्यावरच फिरवा. रात्री राहून गेलं तर दिवसा आशीर्वादाविना मोजायचं, पुढच्या रात्रीपासून आशीर्वाद चालू. अख्खा दिवस चुकला तर उरलेली मोजणी आशीर्वादाविना. चूक झाली हे पेटी सांगत नाही, म्हणून ज्यू पंचांगाशी पडताळा (इय्यार, सिवान हे त्यातले महिने): १ इय्यार म्हणजे १६वा दिवस, ५ इय्यार म्हणजे २०, १ सिवान म्हणजे ४५.

आता मुख्य तक्रार. गुंडाळीवर ३३ लाल रंगात, शेजारी कात्रीचं चित्र (ओमेरच्या सुतकात केस कापत नाहीत, ते या दिवशी सुटतं अशी खूण), बाकी सगळे दिवस सारखेच. प्राचीन काळचे धर्मगुरू रब्बी अकिवा यांच्या २४,००० शिष्यांच्या मृत्यूचं हे सुतक सगळ्यांचं एकच, पण ते सुटतं वेगवेगळ्या दिवशी. शुल्हान आरूख या नियमग्रंथाप्रमाणे चालणारे सेफार्दी (स्पेनकडच्या परंपरेचे ज्यू) ३४व्या दिवशी सकाळी केस कापतात. रेमाला (त्याच ग्रंथावर टिपा लिहिणारे पोलंडचे रब्बी) मानणारे अश्कनाझी (मध्य आणि पूर्व युरोपच्या परंपरेचे ज्यू) ३३व्यालाच. काही जण सुतक धरतातच मुळी इय्यारच्या आरंभापासून आणि ३३वा वगळून ३ सिवानपर्यंत, म्हणजे ४७व्या दिवसापर्यंत नेतात. १०९६ साली ऱ्हाइनकाठच्या ज्यूंची कत्तल इय्यार-सिवानातच झाली, ती आठवणही अश्कनाझी परंपरेत या उत्तरार्धाला जोडली गेली. आरीच्या (गूढवादी रब्बी इसाक लुरिया) वाटेने जाणारे, हबाद पंथ त्यांतच, केसांना शावुओतच्या आदल्या दिवसापर्यंत कात्री लावत नाहीत. म्हणजे चित्रातली कात्री एकाच गटाची. सेफार्दी घरात ती एक दिवस लवकर चालेल.

उपाय सोपा: आपल्या हज्जनला (सिनेगॉगमधल्या प्रार्थनाप्रमुखाला) विचारून गुंडाळीच्या कडेला पेन्सिलीने सुतक कुठे लागतं, कुठे सुटतं याच्या खुणा करा. मात्र पेसाख लागण्यापूर्वी. सणात लिहिता येत नाही.