एका चौकटीची दुरुस्ती: पांडाजचं ‘ॲट’ आठ महिने वापरल्यावर

आमच्या गावच्या दूध संस्थेचा हिशेब मी आठ महिन्यांपासून पांडाजवर करतोय. पांडाज म्हणजे पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत तक्ते हाताळायचं साधन. रोज सकाळ-संध्याकाळ संकलन, दर दहा दिवसांनी बिल. टायपिंगमध्ये ३.५ फॅटची ३५ होते, मग तेवढी एकच चौकट बदलायची असते. एक्सेलमध्ये हे दोन सेकंदांचं काम. कोडमध्ये मात्र ती चौकट नेमकी कोणती, हे आधी सांगावं लागतं.

त्यासाठी पांडाजमधलं ‘ॲट’ (at) उत्तम आहे. ओळीचं लेबल, स्तंभाचं नाव, बरोबरचं चिन्ह, नवी किंमत, झालं. ‘आयॲट’ (iat) नावाऐवजी जागेचा क्रमांक घेतं. ते मी सोडून दिलं, कारण तक्ता तारखेनं लावला की कालची सातवी ओळ आज सातवी राहत नाही.

माझी मोठी चूक दुसऱ्याच महिन्यात झाली. ओळींना लेबल म्हणून सभासद क्रमांक दिला होता. ११८ नंबरची एक फॅट ३.५ केली. कसलीही तक्रार न करता पांडाजनं त्या सभासदाच्या दहा दिवसांतल्या वीसही ओळींत ३.५ लिहिलं. लेबल एकाहून जास्त ओळींना असेल तर ‘ॲट’ सगळ्या ओळी बदलतं. बिल हातात पडल्यावर ११८ नंबरच्या मावशी म्हणाल्या, “दादा, माझी संध्याकाळची फॅट चारच्या खाली कधी लागलीय का?” खरंच नव्हती. दोन धारांमधलं अंतर दिवसा कमी असतं, म्हणून संध्याकाळच्या दुधाला फॅट जास्त लागते. त्यांचे पैसे कापले गेले होते. फरक त्याच दिवशी दिला, पण मनाला फार लागलं.

आता लेबल पावती नंबरचं. ‘सेट इंडेक्स’नं (set_index) एखादा स्तंभ ओळींचं लेबल होतो; ते करताना ‘व्हेरिफाय इंटिग्रिटी’ (verify_integrity) ट्रू, म्हणजे चालू ठेवतो, म्हणजे एकही नंबर दुबार आला की कोड तिथंच थांबतो.

दुसरा धोका असा, की नसलेला पावती नंबर दिला तर ‘ॲट’ एरर देत नाही, खाली नवी ओळच जोडतं. बाकीच्या चौकटी रिकाम्या राहतात आणि त्या रिकामपणामुळे सभासद क्रमांकाचा अख्खा स्तंभ ११८ चा ११८.० होतो. असं दशांश दिसलं की मी आधी शेवटची ओळ बघतो.

नवख्यांना एक सांगतो. आधी चौकोनी कंसात अट लावून ओळी निवडायच्या आणि त्यापुढे दुसरा कंस लावून किंमत लिहायची, हे करू नका. बदल तक्त्याच्या नकलेत होतो, मूळ तक्ता तसाच राहतो. पांडाजच्या ३.० आवृत्तीपासून तर तो मूळ तक्त्यापर्यंत मुळात कधीच पोचत नाही. अट आणि स्तंभ दोन्ही एकाच ‘लोक’मध्ये (loc, ‘ॲट’सारखंच, पण एकदम अनेक ओळींवर चालणारं) द्या. बऱ्याच ओळी बदलायच्या असतील तरी तेच वापरा, एकेका ओळीवर ‘ॲट’चा लूप फिरवत बसू नका.

सध्या मी एक छोटं फंक्शन वापरतो. पावती नंबर, स्तंभ, जुनी किंमत, नवी किंमत. जुनी किंमत तक्त्याशी जुळली तरच ‘ॲट’ चालतं. गेल्या बिलाला ते दोनदा अडलं, दोन्ही वेळा माझ्याकडून वरच्या पावतीचा नंबर पडला होता.