बेसा आर३ए आणि ४० मिमी नोक्टन: आठ महिने वापरल्यावर

फोक्टलेंडरचा बेसा आर३ए हा फिल्मचा रेंजफाइंडर कॅमेरा (दोन खिडक्यांतून अंतर मोजून फोकस करणारा) मी गणपती झाल्यावर सेकंडहँड घेतला, सोबत ४० मिमी एफ १.४ नोक्टन लेन्स. तेव्हापासून आठ महिन्यांत १९ रोल झाले, जवळजवळ सगळे कृष्णधवल. हा कॅमेरा जपानच्या कोसिनानं फोक्टलेंडर या नावाखाली २००४ साली काढला आणि २०१५ मध्ये बेसा मालिकाच बंद झाली, त्यामुळे नवा कोरा आता मिळत नाही. तरी एवढं लिहायला बसलेय, कारण नव्या रेंजफाइंडरमध्ये काय हवं असा विषय निघाला की बोलणं मेगापिक्सेल आणि एफ १ च्या, म्हणजे भरपूर प्रकाश घेणाऱ्या, लेन्सांपाशी जाऊन थांबतं. आठ महिन्यांनी माझं मागणं एकच उरलंय: आधी खिडकी चांगली द्या.

खिडकी म्हणजे व्ह्यूफाइंडर. आर३एमध्ये तो एकास एक आहे. बाहेर वस्तू जेवढी दिसते तेवढीच आत दिसते. उजवा डोळा खिडकीला लावायचा, डावा उघडाच ठेवायचा. दोन क्षणांत दोन्ही चित्रं एक होतात आणि समोरच्या जगावर एक पांढरी चौकट तरंगत राहते. चौकटीबाहेरून कोण येतंय तेही दिसत असतं. माझा जुना एसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, मला अंधाऱ्या थिएटरात बसवून पडदा दाखवायचा. इथे मी रस्त्यावरच उभी असते.

पुण्यात महात्मा फुले मंडईत मी रविवारी सकाळी साडेसहाला जाते. तिथे एक मावशी गजरे करतात. हात इतके भरभर चालतात की फोकस कुठे धरावा कळत नाही. पहिले दोन रोल मी त्यांच्या बोटांच्या मागे धावून वाया घालवले. मग युक्ती सापडली: पाटीची कड. खिडकीच्या मधोमध जो छोटा पिवळसर चौकोन असतो त्यात कड दोनदा दिसते, नोक्टनचं रिंग जरा फिरवलं की दोन्ही कडा सरकत येऊन एकमेकींवर बसतात. त्या बसल्या की फोकस बसला, आणि मावशींची बोटं कडेच्या बरोबर वरच असतात. एफ २, १/३० सेकंद, आणि आरशाचा दणका नाही म्हणून हातही हलत नाही. एकदा मावशी मान वर करून म्हणाल्या, "दोन्ही डोळे उघडे ठेवून काढतेस होय गं? आमच्या लग्नातला फोटोवाला एक डोळा मिटायचा." त्या माझ्या डोळ्याकडे बघून बोलत होत्या. तो फोटो मी मोठा करून लावलाय.

आता खिडकीचा हिशेब. रेंजफाइंडर अंतर मोजतो ते कॅमेऱ्याच्या पुढच्या दोन खिडक्यांतून एकच वस्तू दोन कोनांतून बघून. त्या खिडक्यांमधलं अंतर, म्हणजे पाया, जितकं जास्त आणि फाइंडरमधलं चित्र जितकं मोठं, तितका फोकस नेमका. बेसाचं हे अंतर ३७ मिमी; त्याला फाइंडरच्या पटीनं गुणलं की हिशेबी लांबी मिळते, आणि एकास एक असल्यामुळे तीही ३७च. जर्मन लायका एम कॅमेऱ्यात फाइंडरमधलं चित्र खऱ्याच्या ०.७२ पट असतं, त्यात ती जवळपास ५० मिमी भरते. कोसिनानंच बांधलेल्या झाइस इकॉनमध्ये दोन खिडक्यांतलं अंतर ७५ मिमी होतं, ०.७४ पटीनं सुमारे ५५. म्हणजे ज्या कारखान्यानं बेसा केला त्यालाच लांब पायाचा रेंजफाइंडर करता येत होता. ४० किंवा ५० मिमीला बेसाचे ३७ मला पुरले. मित्राची ९० मिमी एफ २ लावून पाहिली तेव्हा मात्र पाचात दोन फोटो चुकले. तिथे लांब पायाच हवा.

चष्मेवाल्यांनी एक लक्षात ठेवावं. ४० मिमी लेन्सची चौकट खिडकीच्या अगदी काठावर आहे. मला चष्म्यातून चारही कोपरे एकदम दिसत नाहीत, डोळा जरा इकडे-तिकडे फिरवावा लागतो. एकास एक ठेवायचं तर ३५ ची चौकट आत नीट मावत नाही, म्हणून कोसिनानं ४० निवडली. ती निवड मला पटते. चौकट वरच्या खटक्यानं हातानं बदलावी लागते, ४० आणि ९० एकत्र, ५० वेगळी, ७५ वेगळी. पहिल्या महिन्यात दोनदा विसरले, मग सवय झाली. प्रकाश मोजणारं मीटर अचूक आहे, दोन एलआर४४ बटण सेल लागतात. हे सेल संपले की शटर पडतच नाही, त्यामुळे पिशवीत जोडी असतेच.

डिसेंबरात वाईला एसटीनं गेले होते, पिशवी मागच्या सीटवर, रस्ता खणलेला. परत आल्यावर रात्री गच्चीवरून लेन्स अनंतावर ठेवून चंद्र पाहिला तर एकावर एक दोन चंद्र. पोटात गोळा आला. फोकस तसा बिघडला नव्हता, कारण चूक वर-खालची होती आणि उभ्या रेषा अजून बरोबर जुळत होत्या. पण प्रत्येक फोटोला त्या दोन थरांकडे बघत राहणं त्रासाचं. एका जुन्या कारागीर काकांनी वरचा बारीक स्क्रू केसभर फिरवून अर्ध्या तासात चंद्र एक केला. दुरुस्त होऊ शकणारी वस्तू हातात असण्याचं समाधान मला त्या दिवशी कळलं.

तर माझी यादी. बॉडी फिल्मची असो वा डिजिटल, फाइंडर एकास एक, पाया झाइस इकॉनएवढा. ३५ वाल्यांसाठी पट बदलता यावी. हे स्वप्नरंजन नाही: १९५६ च्या कॅनन व्हीटीमध्ये एक चाक फिरवलं की ३५, ५० आणि फोकससाठी मोठं केलेलं चित्र, असे तीन पट मिळायचे. सत्तर वर्षांपूर्वी जमलं ते आज जमायला हवं. डिजिटलमध्ये एप्सनचा आर-डी१ हा पहिला रेंजफाइंडर, तोही २००४ चाच, ६ मेगापिक्सेल, बेसाच्याच सांगाड्यावर, एकास एक फाइंडर आणि शटर चढवायला खराखुरा लिव्हर. त्याची फुल-फ्रेम, म्हणजे फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरची, आवृत्ती कुणी काढली तर मी आहेत ते सगळे कॅमेरे विकेन. फ्रान्समधल्या बेझाँसोंच्या पिक्सी कंपनीनं आपल्या डिजिटल रेंजफाइंडरमधून मागचा स्क्रीन काढून टाकण्याचं धाडस केलंय, ते मला फार आवडतं.

लायकानं २०२२ मध्ये आपला जुना फिल्म कॅमेरा एम६ पुन्हा काढला, म्हणजे मागणी आहे. पण २०२५ मध्ये त्यांनीच एम ईव्ही१ मध्ये रेंजफाइंडर काढून इलेक्ट्रॉनिक फाइंडर बसवला. चष्मेवाल्यांची सोय होईल हे मान्य, तरी मला वाईट वाटलं. दोन कडा एकमेकींवर बसण्याची ती गंमत त्यात नाही.

लेन्सांची ददात नाही. कोसिना दरवर्षी काहीतरी देते, चिनी कंपन्याही एम माउंटमध्ये (लायका एमची लेन्स बसवायची पद्धत) उतरल्यात. सेव्हनआर्टिझन्सच्या ५० मिमी एफ १.१ चं रेंजफाइंडरशी जुळणं घरी स्वतः नीट करता येतं, ही कल्पना सगळ्यांनी घ्यावी. मला फक्त एक हवी: ४० मिमी एफ २, बोटासाठी खाली टॅब, आणि नोक्टनच्या ०.७ मीटरऐवजी अर्ध्या मीटरपर्यंत रेंजफाइंडरशी जोडलेला फोकस. पाटीच्या अलीकडे बसून गजऱ्याची गाठ काढायची आहे, आणि सध्या मला वीस सेंटिमीटर मागे सरावं लागतं. तिथे मागे कोथिंबिरीच्या जुड्या असतात.

सेकंडहँड बेसा बघायला गेलात तर संध्याकाळनंतर जा. लेन्स अनंतावर ठेवा आणि चंद्र शोधा. नसेल तर लांबच्या टॉवरचा लाल दिवा चालेल.