एकसष्टाव्या आठवड्यातली चिप

85 युरो 50 सेंट. जुन्या कमोडोर 64 संगणकाला आवाज देणाऱ्या दोन सिड चिपांचे 76, टपालाचे 9.50. एवढे पैसे एका ऑनलाइन भामट्याच्या घशात गेले आणि हाती आल्या दोन मुक्या चिपा.

इथे जर्मनीत कमोडोर 64 एके काळी घरोघरी होता, जुनं मशीन आजही मिळतं. माझ्या मशीनमधली सिड, म्हणजे 6581, बिघडली होती. बॉब यानिसने 1981 मध्ये मॉस टेक्नॉलॉजीत घडवलेली चिप, तीन आवाज आणि अस्सल अ‍ॅनालॉग फिल्टर. कमोडोर 1994 मध्ये बुडाली, म्हणजे ‘फॅक्टरीतून कोरी’ म्हणणाऱ्याला आधी विचारा, कुठल्या फॅक्टरीतून?

मी काही फुकटात सोनं शोधत नव्हतो. भाव बाजाराला धरून होता, विक्रेत्याचं रेटिंग 99 टक्के. आणखी काय बघायचं माणसाने?

बघायचं होतं ते फोटोतच होतं, याचीच चीड येते. चिपेवर 6581 च्या खाली तारखेचा कोड 6184. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 1984 सालचा एकसष्टावा आठवडा! फोटो मोठा करून पाहिला होता हो, पण नजर मॉसच्या लोगोवर खिळली. छाप इतकी ठसठशीत, चाळीस वर्षांच्या चिपेवर! दोन्हींवर कोडही तोच.

बसवल्या, आवाज शून्य. तिसऱ्या आवाजाच्या ऑसिलेटरला नॉइज (खरखराट) लावून बेसिकमध्ये पीक(54299) ने त्याचा आकडा वाचला. खऱ्या सिडमध्ये आकडे नाचतात, इथे एकच आकडा ठाण मांडून. अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवला तर काळा रंगच निघून आला, खाली घासल्याचे ओरखडे. आतली चिप कसली, देव जाणे. ही परीक्षा पार्सल उघडल्याबरोबर करा, आणि उघडताना व्हिडिओ काढा.

विक्रीच्या साइटचं म्हणणं, ‘वस्तू पोहोचली आहे, परत पाठवा, खर्च तुमचा.’ चीनला ट्रॅकिंगसह पाठवायचं तर निम्मे पैसे त्यातच! पेमेंटवाल्यांना खोटेपणाचं ‘तज्ज्ञाचं प्रमाणपत्र’ हवं. ते कुठून आणू? रंगलेल्या बोळ्याचा फोटो पाठवला, तर उत्तर आलं की चित्र अस्पष्ट आहे. पोलिसांनी ऑनलाइन तक्रारीला नंबर दिला, मग ‘आरोपी निष्पन्न झाला नाही’ म्हणून फाइल बंद. अहो, आरोपीचं दुकान उघडं आहे, नावासकट!

चालू मशीनमध्ये वाजताना दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. नाहीतर सरळ आर्मसिड, म्हणजे सिडच्या जागी बसणारी आजकालची चिप घ्या, ती निदान स्वतःच्या नावाने विकली जाते. आणि 8580 ला, म्हणजे सिडच्या नंतरच्या आवृत्तीला, 9 व्होल्ट लागतात, 6581 च्या 12 व्होल्टवर खरी असली तरी जळेल.

तो विक्रेता आता 8580 विकतोय. कोड 1983 चा. तेव्हा 8580 बाजारात आलीच नव्हती. रेटिंग अजून 99.