लोकलमध्ये मेटॅलिका, घरी मेडन

हेवी मेटल बँड मेटॅलिकाचा 'सेव्हंटी-टू सीझन्स' (एप्रिल २०२३) की त्याच पठडीतल्या आयर्न मेडनचा 'सेंजुत्सू' (सप्टेंबर २०२१)? एकाच एलपीचे (ग्रामोफोनच्या तबकड्यांवरच्या अल्बमचे) पैसे खिशात असतील तर कुठला घ्यावा, हा प्रश्न जुने अल्बम तोंडपाठ असलेली मंडळीच जास्त विचारतात. दोन्ही लांबलचक आहेत. मेटॅलिकाची १२ गाणी ७७ मिनिटं चालतात, मेडनची १० गाणी जवळजवळ ८२. एवढी मिनिटं जातात कशात, यावर माझं मत ठरलं.

मेटॅलिकाची जातात रिफमध्ये, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांत. गायक-गिटारवादक हेटफिल्डचा उजवा हात अजून तसाच चालतो, आवाजही ठणठणीत. 'लक्स एटर्ना' साडेतीन मिनिटांच्या आत काम फत्ते करून मोकळं होतं. पण बाकीची बरीचशी गाणी सहा-सात मिनिटांची, आणि एखादी रिफ जमली की तिच्याच आणखी दोन फेऱ्या. 'स्लीपवॉक माय लाइफ अवे' तर अर्ध्यावर येतं तेव्हाच पुढचं सगळं कळलेलं असतं. दुसरा गिटारवादक कर्क, त्याचं वाह पेडलही (गिटारचा सूर 'वा-वा' करणारं पायाचं यंत्र) तेच. शब्दांना मात्र एक धागा आहे: आयुष्याची पहिली १८ वर्षं, म्हणजे ७२ ऋतू, माणसाला कसं घडवतात. (आपल्या सहा ऋतूंच्या हिशोबाने हे प्रकरण बाराव्या वर्षीच उरकलं असतं.) शेवटचं 'इनामोराटा' ११ मिनिटांचं, मेटॅलिकाने स्वतः लिहिलेलं सर्वात लांब गाणं, आणि गंमत म्हणजे तेच सगळ्यात कमी लांबलेलं वाटतं. मध्ये सगळे मागे सरतात, ट्रुहियोचा बेस तेवढा चालू राहतो, मग गिटारी एकेक करून परततात. असा श्वास आधीच्या ११ गाण्यांत कुठेतरी हवा होता.

मेडनची लांबी वेगळी. 'द रायटिंग ऑन द वॉल' वेस्टर्न सिनेमाच्या चालीने येतं आणि गिटारवादक एड्रियन स्मिथचा सोलो अक्षरशः गुणगुणता येतो. शेवटची तिन्ही गाणी एकट्या स्टीव्ह हॅरिसची (मेडनचा बेसवादक) लिहिलेली, प्रत्येक दहा मिनिटांच्या वर, मिळून ३४ मिनिटं. 'द पार्चमेंट' पहिल्यांदा ऐकताना कंटाळा येऊ शकतो. चार-पाच वेळा ऐकल्यावर लक्षात येतं की चाल हळूहळू जागा बदलत नेली आहे. 'हेल ऑन अर्थ'साठी मी अख्खा अल्बम घेतला असता. तक्रारीही आहेत. संथ सुरुवात आणि संथ शेवट हा साचा हॅरिसला सोडवत नाही. तीन गिटारी एकमेकींत मिसळून आवाज गढूळ होतो. गायक ब्रूसला २०१५ मध्ये जिभेच्या कॅन्सरवर उपचार घ्यावे लागले होते. वरच्या पट्टीत त्याला आता जोर लावावा लागतो हे ऐकू येतं, पण खालच्या सुरांत पूर्वी नव्हतं असं वजन आलंय.

आता मुंबईकराचा व्यवहारी मुद्दा. कुर्ला-सायनदरम्यान लोकलच्या खडखडाटात 'हेल ऑन अर्थ'ची पहिली दोन मिनिटं ऐकूच येत नाहीत, आवाज वाढवावा तर गिटारी घुसतात आणि कान जातो. मेटॅलिकाचा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत जवळजवळ एकाच उंचीवर वाजतो, त्यामुळे चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवूनही नीट पोचतो. घरी, दारं लावून, स्पीकरवर, तोच गुण थकवतो.

माझा पक्षपातही सांगून ठेवतो: मेडन २००८ च्या फेब्रुवारीत मुंबईत बीकेसीच्या मैदानावर वाजवून गेले, मेटॅलिका २०११ मध्ये बंगळुरूपर्यंत आली आणि तिथूनच परतली. मुंबईचा पंखा हे विसरत नाही.

पैसे एकदाच खर्चायचे असतील तर 'सेंजुत्सू' घ्या. तीन तबकड्या आहेत, म्हणजे दर दोन गाण्यांनी उठून बाजू पालटावी लागेल आणि खर्चही जास्त. 'सेव्हंटी-टू सीझन्स' दोन तबकड्यांत मावतो, पण त्यातली 'लक्स एटर्ना', 'शॅडोज फॉलो' आणि 'इनामोराटा' फोनवर असली की माझं भागतं.