लघुग्रहांची भावकी शोधताना: जेपीएलचं ‘स्मॉल-बॉडी डेटाबेस क्वेरी’

पृथ्वीजवळून जाणाऱ्या लघुग्रहांत कोण कोणाचा तुकडा, हे शोधायला लागणारा कच्चा माल नासाच्या जेपीएल (जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी) या संस्थेच्या या संकेतस्थळावर मिळतो. पैसे नाहीत, लॉगिन नाही. ‘एनईओ’ (पृथ्वीजवळचे) गट निवडला की उपसूर्य अंतर, म्हणजे सूर्यापासूनचं सर्वात कमी अंतर, १.३ खगोलीय एककाच्या (पृथ्वी-सूर्य सरासरी अंतराच्या १.३ पट) आत असलेले ३५ हजारांहून जास्त लघुग्रह सीएसव्ही या तक्त्याच्या फाइलीत उतरतात.

कक्षेच्या घटकांसोबत (कक्षेचा आकार आणि दिशा सांगणारे आकडे) इपॉक, म्हणजे ते घटक ज्या तारखेचे आहेत ती तारीख, आणि कंडिशन कोड हे रकाने घ्यायलाच हवेत. कोड ० म्हणजे कक्षा पक्की, ९ म्हणजे जवळपास अंदाज. ५ च्या वरचे सरळ गाळावेत. इपॉकचा घोळ जास्त छुपा असतो. थोडेच दिवस दिसलेल्या कित्येक लघुग्रहांचे घटक त्यांच्या निरीक्षणांच्या काळातलेच राहतात, बाकीच्यांचे अलीकडच्या तारखेचे. इपॉक न जुळवता तुलना केली तर तफावत गुरू ग्रहाच्या ओढीने झाली की नुसत्या तारखांच्या फरकाने, हे कळत नाही.

दोन कक्षांमधलं साम्य मोजायची सोय मात्र इथे नाही. साउथवर्थ-हॉकिन्सचा १९६३ चा डी-निकष (डी जितका लहान, तितक्या कक्षा सारख्या) आपणच प्रोग्राममध्ये लिहायचा. ३५ हजारांच्या सुमारे ६१ कोटी जोड्या होतात, पण डी कधीच उपसूर्य अंतरांच्या फरकापेक्षा लहान नसतो. म्हणून यादी उपसूर्य अंतराने लावून घ्यावी आणि फरक डीसाठी ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेला की पुढच्या नोंदीवर जावं. काम मिनिटांत आटपतं. सूत्रातली नेहमीची चूक म्हणजे पातांच्या (कक्षा पृथ्वीच्या कक्षेची पातळी छेदते ते बिंदू) रेखांशातला फरक १८० अंशांपेक्षा जास्त असला की आर्कसाइनचं चिन्ह उलटतं, ते विसरणं. प्रोग्राम तक्रार करत नाही, उत्तर तेवढं चुकतं.

फेथॉन आणि २००५ यूडी ही लघुग्रहांची जोडी तपासणीला उत्तम. पातांचे रेखांश साधारण २६५ आणि २० अंश, म्हणजे फरक २४५. चिन्हाची परीक्षा इथेच होते. गणित बरोबर असूनही डी ०.७ च्या वर जातो, आणि ०.०५ ची मर्यादा लावणारा ही जोडी हातची घालवतो. आता पाताचा रेखांश आणि उपसूर्याचा कोणांक (पातापासून उपसूर्य बिंदूपर्यंतचा कोन) यांची बेरीज करून पाहा: दोघांचीही सुमारे २२७ अंश! गुरूच्या ओढीने पात फिरत राहतो, बेरीज फार हळू बदलते. दोघांच्या कक्षांची वाटचाल जवळजवळ सारखी, फक्त सुमारे ४६०० वर्षांनी मागेपुढे. तरीही नातं पक्कं म्हणू नये. जवळच्या अवरक्त प्रकाशातले वर्णपट नीट जुळत नाहीत.

उलट, लहान डी दिसला म्हणून हुरळून जाऊ नये. इतक्या गर्दीत योगायोगाच्या जोड्या निघणारच. कक्षेचा आकार, उत्केंद्रता (लंबगोलपणा) आणि कल तसेच ठेवून वरचे दोन्ही कोन यादृच्छिक करावेत, अशा शंभरेक बनावट याद्यांवर तोच प्रोग्राम चालवावा. खऱ्या यादीत जोड्या त्याहून स्पष्ट जास्त नसतील तर कुटुंब सापडलेलं नाही.

कक्षांचा मागचा इतिहास पाहायला जेपीएलचंच होरायझन्स (ग्रह-लघुग्रहांची स्थानं काढून देणारी सेवा) पुरत नाही; बहुतेक लघुग्रहांसाठी ते इ.स. १६०० ते २५०० एवढंच देतं. इपॉक एकसारखा करण्यापुरतं ते वापरावं, तेही एका वेळी एकच विनंती पाठवून. हजारो वर्षं मागे जायला रीबाउंड हा कक्षांचं गणित करणारा प्रोग्राम.